कॅरमची पावडर आणि माझा खुबा

पडलेला माणूस कुठे लागलं हे नंतर बघतो; कुणी पाहिलं का, हे आधी बघतो. मला ती तसदी घ्यावी लागली नाही. आमच्या सोसायटीच्या बहुउद्देशीय सभागृहात नेन्यांच्या मुलीचा साखरपुडा चालू होता, मी पेढ्यांचं ताट घेऊन व्यासपीठाकडे निघालो होतो आणि निम्मी विश्रांतवाडी खुर्च्या टाकून माझ्याकडेच बघत बसली होती. उजवा पाय पुढे सरकला तो सरकतच गेला. डाव्यानं जागा सोडली नाही. त्या दोघांच्या भांडणात मधला मी, वय पंचावन्न, वजन विचारू नये, डाव्या कुशीवर खाली आलो.

पेढे चारी दिशांना घरंगळले. पहिल्या रांगेतून माझ्या आईचा आवाज आला, "अरे विनू, पेढे वाटायला सांगितले होते. उधळायला नाही."

सगळे हसले. मीही हसलो. उठायला गेलो, तर डावा पाय उठेना. पाय होता, दिसत होता, पण पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. हसायची थांबली ती सगळ्यात आधी आई.

माझ्यासारखे खुबा मोडून घरी पडलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांचं तुम्हाला डॉक्टर सांगतील. डॉक्टर सांगत नाहीत ते मी सांगतो.

पडलो कसा

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की एकदाच नीट लिहून ठेवतो.

आमच्या हॉलची फरशी म्हणजे सभागृह समितीचे अध्यक्ष नेने यांचा जीव की प्राण. पांढऱ्या चकचकीत टाइल्स. "तोंड दिसतं त्यात," असं ते भाड्यानं हॉल मागायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. सकाळी तिथे योगासनं, दुपारी ज्येष्ठांचा कॅरम, संध्याकाळी ज्याचं बुकिंग असेल त्याचं कार्य. चपला-बूट अर्थातच दाराबाहेर. मी बूट काढले, मोजे मात्र ठेवले, कारण माझ्या टाचांच्या भेगा मुलाकडच्या मंडळींना दाखवण्यासारख्या नाहीत. मोजे नवेकोरे, नायलॉनचे.

आता कॅरम. आमच्या ज्येष्ठांची शिस्त अशी, की खेळ संपला की बोर्ड भिंतीशी उभा करायचा आणि मागून दोन-चार सणसणीत थापा द्यायच्या. उरलेली बोरिक पावडर भसकन खाली पडते, बोर्ड स्वच्छ होतो आणि कपाटात जातो. फरशीवर मऊ झाडू फिरतो, म्हणजे पावडर एका जागी न राहता सगळीकडे सारखी पसरते. पांढऱ्या फरशीवर पांढरी पावडर. कुणाला दिसणार?

थापा द्यायचा मान त्या दिवशी जिंकलेल्याचा. त्या दुपारी जिंकली होती आमच्या सोसायटीची अजिंक्य खेळाडू. माझी आई.

फोटो

एक्स-रेला अजूनही फोटो म्हणणाऱ्या पिढीतला मी. डॉक्टरांनी तो संगणकाच्या पडद्यावर लावला. माझी बायको मेधा शाळेत विज्ञान शिकवते. तिनं माझ्याआधी पाहिलं आणि "हं" म्हणाली. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिचा असा "हं" मी फार थोड्या वेळा ऐकलाय आणि त्यातला एकही चांगल्या बातमीचा नव्हता.

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. ऑपरेशन करून स्क्रू बसवायचे. हाडाच्या डोक्याला रक्त पोचत राहिलं तर ते जुळेल. नाही पोचलं तर पुढे सांधा बदलावा लागेल. डॉक्टरांनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे, पण तेव्हा मला वाटलं, थोडा आडपडदा चालला असता.

"चालता येईल ना?" मी विचारलं.

"येईल. पण लगेच नाही, आणि तुमच्या मनाला येईल तसं नाही."

तेवढ्यात नर्सनं मोजे काढून मेधाच्या हातात दिले. तळवे पांढरे झाले होते. मेधानं अंगठ्यानं घासून पाहिलं. "बोरिक पावडर," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. आई शेजारी उभी होती. तिनं ते मोजे मेधाच्या हातातून घेतले, घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकले.

आई एक अक्षर बोलली नाही. सदाशिव पेठेत वाढलेली आणि उत्तराशिवाय कुणालाही घरी न पाठवणारी बाई बोलत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी दुखण्यात होतो, आणि दुखणाऱ्या माणसाला जगात एकच खुबा असतो.

वॉर्ड

ऑपरेशन झालं. ते मला आठवत नाही, त्यामुळे माझ्या मते ते उत्तमच झालं.

वॉर्डमधल्या दिवसाला तुमच्या पोटापासून सुरुवात होते. "झाली का?" हा प्रश्न नर्स, मावशी, लहान डॉक्टर, मोठे डॉक्टर आणि भेटायला आलेला मावसभाऊ असे सगळे, चढत्या आवाजात, विचारतात. मी एक सल्ला देतो. आपली लाज ॲडमिशनच्या वेळीच काउंटरवर जमा करावी. डिस्चार्जला परत मिळते. थोडी कमी भरते, पण काम चालतं.

तिथल्या एक मावशी भांडं देताना आणि काढताना संध्याकाळच्या मालिकेतल्या सासूबद्दल अखंड बोलत. सासूनं काल काय विष कालवलं, सून कशी मूर्ख आहे. मला वाटायचं, बाईंना फारच नाद आहे. घरी येताना कळलं, की शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी त्या फक्त क्रिकेटवर बोलत. ज्याला जे ऐकताना अवघडलेपणाचा विसर पडेल, ते त्याला. अशा कृपा बिलात धरलेल्या नसतात.

भीती मात्र वेगळ्याच वाटेनं आली. पलंगावर पडल्या पडल्या मी फरश्या बघायला लागलो. वॉर्डची फरशी पुसली, की ती वाळेपर्यंत माझा जीव टांगणीला. भाजीचा डबा घेऊन कुणाची तरी बायको भराभर येताना दिसली, की मी चादर घट्ट धरायचो. पडलो मी एकटा होतो, पण पडायची भीती मला सगळ्यांच्या वतीनं वाटायला लागली.

घर

डाव्या पायावर भार द्यायचा नाही, या अटीवर मला घरी सोडलं. मी, वॉकर आणि खिडकी. खडकीच्या ऑफिसात माझ्याशिवाय सगळं व्यवस्थित चालू असल्याच्या बातम्या फोनवर येत होत्या, त्याही जिव्हारी लागत.

पहिला आठवडा सगळे प्रेमळ असतात. खरी परीक्षा नंतर. मेधाची शाळा, स्वयंपाक, माझी आंघोळ, आईची औषधं. एका दुपारी मी पाणी, मग चष्मा, मग पंखा कमी, मग पंखा जास्त असं सांगितल्यावर ती दारात उभी राहिली. "अहो, मी बायको आहे. रिमोट नाही." आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. ती भांडी सकाळीच घासलेली होती.

नेने नारळपाणी घेऊन आले. बिचाऱ्यांचा चेहरा उतरला होता. समितीनं तातडीनं पावलं उचलली आहेत, म्हणाले. हॉलमधला कॅरम बंद केला आणि दारावर पाटी लावली: 'फरशी गुळगुळीत आहे. आपापल्या जबाबदारीवर चालावे.'

"आपापल्याच जबाबदारीवर चालतोय जन्मभर," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या पायांनी कोण चालतं?"

पण त्यात नेहमीची धार नव्हती. नेने गेल्यावर मी म्हणालो, "ते काही असो. आई, तू आता हॉलकडे फिरकायचं नाहीस. इथे मी एक पुरे."

"बरं," आई म्हणाली.

मी खूश झालो. आईनं माझं ऐकलं असा प्रसंग घरात कधी घडलेला नव्हता. त्यानंतर ती उठली रे उठली, की माझं कॉमेंटरीसारखं सुरू व्हायचं: "आई, सावकाश. आई, भिंत धर. आई, चपला घाल. आई, त्या चपला नको." मला वाटे, मी तिची काळजी घेतोय.

पल्लवी

पुढच्या एक्स-रेत हाड जुळताना दिसलं. डॉक्टरांनी भार द्यायला परवानगी दिली आणि व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागली. पल्लवी, मूळची अमरावतीची. दिसायला नाजूक, हुकूम सोडायला सुभेदार.

वॉकर सुटला, काठी आली, तरी मी बदकासारखा चालत होतो. गुडघे ताठ, पावलं इवलीशी, नजर खाली.

"काका, खाली काऊन पाहून राहिले?"

"फरशी बघतोय."

"फरशी कुठी नाही जाऊन राहिली. समोर पहा."

मी समोर पाहिलं आणि लगेच खाली.

"हाड तर जुळलं न तुमचं," ती म्हणाली. "पण डोकं अजून त्या हॉलमधीच पडून आहे. असं ताठ चालणारा माणूस जास्त पडते, काका. अंग ढिलं सोडा."

ढिलं सोडा म्हणणं सोपं. ज्यांना जमत नसेल त्यांनी मनाला लावून घेऊ नये. हाडाला जुळायला वेळ लागतो हे सगळ्यांना मान्य असतं. धीराला लागतो, हे घरच्यांना समजावून सांगावं लागतं.

अशाच एका सकाळी आई स्वयंपाकघरातून पल्लवीसाठी चहा घेऊन आली. दाराची चौकट, मग फ्रिज, मग भिंत, मग माझ्या खुर्चीची पाठ. कप बशीत थडथडत होता. पल्लवीनं उठून तो घेतला आणि हळूच विचारलं, "आजी कधीपासून असं धरून धरून चालून राहिल्या?"

हे ना माझ्या लक्षात आलं होतं, ना मेधाच्या. साखरपुड्याच्या दिवशी ही बाई जिन्यानं उतरून हॉलमध्ये गेली होती. आमच्या आधी.

पल्लवीनं आईला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. आई पुढे झुकली, पुन्हा झुकली आणि बसून राहिली. "आज कंबर धरलीये," ती म्हणाली.

दाराशी निघताना पल्लवी मला म्हणाली, "काका, तुमचं तर होते ठीक. मले आजीची काळजी वाटून राहिली. बसून बसून पायातली ताकद चालली त्यांच्या. असंच चाललं तर एक दिवस घरातल्या घरात पडतीन. या वयात खुबा मोडला तर तुमच्यासारखं सोपं नसते."

माझं सोपं होतं, हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं. मी बरा होत होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच सूचनांनुसार, आई खचत चालली होती.

संध्याकाळी मी विषय काढला. "आई, उद्यापासून खाली हॉलमध्ये जात जा. कॅरम सुरू करायला सांगतो नेन्यांना."

"नको. माझ्या पावडरनं एक हाड मोडलं, तेवढं पुरे."

म्हणजे हे इतके दिवस पोटात होतं.

"अगं, मोजे माझे होते."

"पावडर माझी होती."

"मी बघून चालायला हवं होतं."

"मी बोर्ड बाहेर नेऊन झटकायला हवा होता."

मेधा कांदा चिरत होती. ती न बघताच म्हणाली, "आणि फरशी कुणाची होती?"

खरंच, इतक्या दिवसांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. माणूस पडला की चूक पडणाऱ्याची, नाहीतर सांडणाऱ्याची. फरशीवर कधी कुणी संशय घेत नाही.

मेधाचा प्रयोग

समितीची सभा हॉलमध्येच होती. मी काठी घेऊन खाली गेलो खरा, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. दाराबाहेरच्या खरबरीत शहाबादीवर खुर्ची मागवून बसलो. आई आलीच नाही.

मेधानं सांगितलं, फरशी बदला किंवा खरखरीत करून घ्या. लगेच गलका. गरब्याच्या मंडळींना गिरक्या घ्यायला गुळगुळीतच हवी. चमक गेली तर लग्नाची बुकिंगं जातील, असं दुसऱ्यांचं म्हणणं. नेने उठले. "वहिनी, विनायकरावांचं झालं त्याचं मलाही वाईट वाटतं. पण फरशीत दोष नाही हो. सावकाश चाललं की झालं."

"हो ना," मेधा म्हणाली. तिनं पिशवीतून घरचा मग काढला, नळावर भरून आणला आणि हॉलच्या मधोमध फरशीवर थोडं पाणी ओतलं. मग बाजूला होऊन अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाली, "या, नेनेसाहेब. सावकाश चाला."

नेन्यांनी पाण्याकडे पाहिलं. सगळ्यांनी नेन्यांकडे पाहिलं.

"माझा गुडघा जरा..." नेने म्हणाले, आणि स्वतःच हसत खाली बसले.

"इथे सकाळी घाम गळतो," मेधा म्हणाली, "दुपारी पावडर पडते, हळदीला तेल सांडतं, रिसेप्शनला सरबत. हॉल सगळ्यांसाठी बांधला आणि फरशी फक्त फोटोसाठी. कोरडी असताना चालता येतं, हे काही विशेष नाही. सांडल्यावर चालता आलं पाहिजे."

माझ्या बायकोचा मला इतका अभिमान वाटला, की मी टाळ्या वाजवल्या आणि काठी खाली पडली.

आधी एका कोपऱ्यात रसायन लावून फरशी खरखरीत करून बघायचं ठरलं. झाल्यावर तिथे पाणी ओतलं आणि या वेळी नेने कुणी न सांगता अनवाणी चालत गेले, वळले, परत आले. दुसऱ्यांदा गेले ते मुद्दाम जोरात. मग सगळा हॉल झाला. मोजे दाराबाहेर काढायचे, कॅरमखाली सतरंजी घालायची, बोर्ड अंगणात नेऊन झटकायचा आणि नंतर ओलं फडकं फिरवायचं, हेही ठरलं. गरबेवाले थोडे दिवस कुरकुरले, मग अंगणात नाचायला लागले. पाटी उतरली.

"आता तोंड दिसत नाही हो त्यात," नेने खिन्नपणे सांगायला आले.

"बरं झालं," आई म्हणाली. "कुणाचं बघण्यासारखं होतं?"

मेधानं माझ्याकडे पाहिलं. धार परत आली होती.

दोघांचा वर्ग

पल्लवी आता दोघांना शिकवायला लागली. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं, बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. आई आकडे मोजताना लबाडी करायची आणि मी पकडलं, की "तू आपलं बघ" म्हणायची. एकदा आम्ही दोघं एकदम उठलो, एकदम बसलो. "जोडी जमली," पल्लवी म्हणाली. पंचावन्न वर्षांत आम्हाला असं कुणी म्हटलं नव्हतं.

काही दिवस काहीच हलत नव्हतं. आई रुसायची, मी चिडायचो, माझी मांडी ठणकायची. मग एका सकाळी चहाचा कप थडथडल्याशिवाय आला. आम्ही कुणी काही बोललो नाही. दृष्ट लागेल म्हणून.

हॉल

दुपारची वेळ. काठी घरी ठेवलेली. हॉलच्या दारात आई आणि मी अनवाणी उभे. आत कॅरमची मंडळी बोर्ड मांडून बसली होती आणि आमच्याकडे बघत नसल्याचं नाटक करत होती.

माझे पाय उंबऱ्याशी थांबले. कपाळाला घाम. मांडीतल्या स्क्रूंसकट सगळं शरीर नको म्हणत होतं.

"चल," मी म्हणालो.

"तू हो पुढे."

"तू हो."

आईनं एक पाऊल आत टाकलं, तळवा फरशीवर मागेपुढे घासून पाहिला. "खरखरीत आहे," ती म्हणाली. "झाडायला त्रास होणार." आणि निघाली.

मी तिच्या कोपराला हात लावला, तिनं माझ्या. कोण कुणाला धरतंय हे आम्हाला दोघांनाही सांगता आलं नसतं. मधोमध, जिथे मी पडलो होतो तिथे, माझा हात घट्ट झाला असावा, कारण आई समोर बघत म्हणाली, "विनू, दुखतंय."

मी सैल सोडला.

ती पोचली, खुर्चीत बसली, बोटं चोळली. पहिल्याच फटक्यात दोन सोंगट्या गेल्या. मंडळींनी ओरडा केला. मी तिच्यासमोर भिडू म्हणून बसलो आणि पहिलाच नेम चुकवला.

"पाणी आण," आई म्हणाली. "तेवढं जमेल."

पाण्याचं पिंप हॉलच्या पलीकडच्या टोकाला. मी उठलो, गेलो, पेला भरला, घेऊन आलो, तिच्याजवळ ठेवला. ठेवल्यावर ध्यानात आलं. अख्ख्या वाटेत मी एकदाही खाली पाहिलं नव्हतं. मी तिच्या सोंगट्यांकडे बघत आलो होतो.

आईला सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर ती माझ्या पायांपाशी बघत होती. पेल्यातले चार थेंब फरशीवर सांडले होते.

"पूस ते आधी," ती म्हणाली. "माणसं चालतात इथे."

मी रुमाल काढला, खाली बसलो, फरशी पुसली आणि कशालाही न धरता उठून उभा राहिलो.